आधी पाणी दाखवा

या, जरा जवळ सरकून बसा. एवढ्या लांबून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि एक बोलते, राग मानू नका, पण तुम्ही लोक चालता कसे तेच मला कळत नाही. मान एक तर वर, नाही तर त्या मोबाईलमध्ये. स्टेशनापासून घरापर्यंत रोज जाता-येता, पण गटारावर टाकलेला दगड काळा आहे की करडा विचारलं तर सांगता यायचं नाही. मलाही आलं नसतं म्हणा. मला एका माणसाने बघायला शिकवलं, आणि आता तो माणूस नाही, म्हणून तुम्हाला बोलावून बसवलंय.

त्यांची एक खूण होती. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत औषधाची जुनी काचेची बाटली, बाटलीत पाणी. बुचाला सुईने पाडलेलं भोक. कुठलाही दगड दिसला, मग तो देवळाचा असो, विहिरीचा असो की कुणाच्या कंपाऊंडचा, ते खाली वाकायचे, त्यावर चार थेंब टाकायचे, अंगठ्याने पुसायचे आणि नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघत राहायचे. म्हणायचे, "लांबून आलेल्या गुराला आपण आधी पाणी दाखवतो की नाही? दगडाचंही तसंच. आधी पाणी दाखवा. तहानलेला दगड खोटं बोलतो."

आमची ओळखच अशी झाली. नव्वद साल उलटून गेलं होतं, आम्ही परळची खोली सोडून वसईत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. एके दिवशी वॉचमन धावत आला. "आंटी, एक आदमी गेट पे कुछ पानी-वानी डाल रहा है, लगता है कुछ करणी-वरणी." मी पदर खोचून बाहेर गेले. बघते तर पांढरा शर्ट, गळ्यात बारीकसा क्रूस, केस अगदी चापून बसवलेले, असे एक गृहस्थ आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे उकिडवे बसलेले.

"काय हरवलंय का?" मी विचारलं.

"माझं नाही, ह्या पायरीचं हरवलंय," ते म्हणाले. "वहिनी, ही तुमच्या बिल्डरने घडवलेली नाही. कुठल्या तरी विहिरीच्या काठावरून उचलून आणलीय. हात लावून बघा इथे."

मी हात लावला. कडेला बोट जाईल एवढी गुळगुळीत खाच होती. दोरीने घासून पडलेली. किती बायकांनी किती वर्षं पाणी शेंदलं असेल तेव्हा दगडाला अशी खाच पडते. आणि आम्ही मेले त्यावर रोज चपला झाडत होतो. त्या दिवसापासून मी त्या पायरीवर पाय देताना जरा अवघडते. आमचे हे म्हणायचे, "तू आता पायरीला नमस्कार करूनच भाजी आणायला जा."

ते गृहस्थ इथलेच, जुन्या वाडीतले. मुंबईत एका कचेरीत नकाशे काढायचं काम केलेलं. "जन्मभर डोंगर कागदावर काढले," म्हणायचे, "म्हटलं, रिटायर झाल्यावर खरे बघून घ्यावेत." आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांना दगडवाले अंकल म्हणायची. मी दादा म्हणायची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ते आमच्या खिडकीशी यायचे आणि काचेवर बोटाने टकटक करायचे. मग मी, आमचे हे आणि ते, असे तिघं निघायचो. ह्यांच्याकडे पिशवी असायची, कारण मी वाटेत भाजी घ्यायची आणि दादा दगड घ्यायचे. एकदा ह्यांनी घरी येऊन पिशवी उलटी केली तर वांग्यांचं भरीत होण्याआधीच त्यांचा भुगा झालेला. "तुमचे दगड आणि हिची वांगी, मी कुणाची बाजू घेऊ?" असं म्हणून हे रुसून बसले होते.

मी साताऱ्याकडची. सातवीपर्यंत शाळा, पुढचं शिक्षण पुडीच्या कागदावर. माझ्या माहेरी सगळं काळ्या दगडाचं. घर, देऊळ, उखळ, पाटा, नदीचा घाट. दादा म्हणायचे, "तुमचा आणि आमचा दगड सख्खा आहे, वहिनी. हा सगळा मुलूख जमिनीतून वर आलेल्या एकाच तापल्या रसाचा. तव्यावर घावन घालता ना, तसा. एक पसरला, वाळला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तुमच्या माहेरच्या डोंगरांना ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ती त्या घावनांची चळत." त्या दिवसापासून घावन घालताना मला माहेरचा डोंगर आठवतो. आता ह्याला काय म्हणावं.

किल्ल्यात नेलं तेव्हा भिंतीला हात लावून म्हणाले, "ही काळी. आणि ही कमान बघा, ही पिवळी. काळा दगड ओझं घेतो, पण त्याच्यावर नाजूक फूल काढायचं म्हटलं तर छिन्नी मरते. म्हणून वेलबुट्टीला हा पिवळसर. खाडीपलीकडच्या डोंगराचा असावा." आणि त्या पिवळ्या दगडावर पाणी टाकून ते इतका वेळ बघत बसले, की आमचे हे झाडाखाली वर्तमानपत्र पसरून झोपून गेले.

माझ्या मात्र एक लक्षात आलं होतं. काळ्या दगडावर ते दोन थेंब टाकायचे आणि उठायचे. पिवळा दिसला की अर्धी बाटली रिकामी. एकदा मी टोकलं, "का हो दादा, आमच्या काळ्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

"काळा सगळ्यांचाच असतो, वहिनी," ते म्हणाले. "मला एकीचा हवाय."

पुढचं बोलले ते राजोडीला. समुद्रावर गेलो होतो, सुरूच्या सावलीत बसून मी आणलेल्या पोळीभाजीचं पुडकं सोडलं होतं. पाण्याकडे बघत, अगदी बाजारभाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको त्यांच्याच आळीतली. नाक्यावर दगडी क्रूस आहे, तिथे मे महिन्यात रोज संध्याकाळी सगळी आळी प्रार्थनेला जमते. त्या गर्दीत दादा एका कडेला आणि ती दुसऱ्या कडेला, मध्ये क्रूस. "आमचं सगळं त्याच्या आडून चाललं होतं," असं म्हणून ते हसले. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा आखातात गेला, आणि दादा रिटायर व्हायच्या जरा आधी ती आजारी पडली. शेवटी-शेवटी तिने एकच सांगितलं होतं. "माज्या अंगावर ती गुळगुळीत लादी नका घालू देऊ. आपल्या नाक्यावरच्या क्रुसाचा दगड ठेवा डोक्याशी. ओळखीचं काहीतरी असू द्या."

"मग ठेवायचा की," मी म्हटलं.

"क्रूस थोडाच फोडणार, वहिनी? त्याच जातीचा दगड शोधायला हवा. आमचा क्रूस पिवळ्या दगडाचा आहे. लहानपणी गोट्या खेळताना मीच त्याच्या पायरीचा टवका उडवला होता. आतून असा पिवळा, हळदीसारखा. वडिलांनी इतकं मारलं की तो रंग अजून डोळ्यांपुढे आहे. इथे किल्ल्यात पिवळा मिळतो, पण तो हा नव्हे. हा फिका. तो गडद होता."

आणि त्यात घाई अशी होती. त्यांच्या दफनभूमीत जागा कमी. काही वर्षं गेली की तीच जागा पुन्हा उघडतात, दुसऱ्या कुणाला देतात. आधीच्या माणसाचं जे उरलं असेल ते एका बाजूला ठेवतात. त्यात वाईट कुणालाच वाटत नाही, पिढ्यान् पिढ्या तसंच चाललंय. "मलाही त्याचं काही नाही," दादा म्हणाले. "उघडू देत. पण तोवर काही दिवस तरी तिचा दगड तिच्या डोक्याशी असावा. तिने दुसरं काही मागितलं नाही कधी."

म्हणजे बघा, आम्ही ज्याला रविवारचं फिरणं समजत होतो ते हे होतं.

मग मीही शोधायला लागले. जूचंद्रला टेकडीच्या कुशीत एका शेताच्या बांधावर पिवळट दगड दिसला म्हणून दादा वाकले, तर भाताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली. डोक्यावरचा भारा तसाच. "काय वो, दगरावर पानी वतून काय उगवनार हाय?"

"उगवला तर तुम्हालाच पहिला देईन," दादा म्हणाले.

"मना नको. घरान दगराचाच नवरा हाय," असं म्हणून ती चालू लागली. आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. दगड मात्र काळाच निघाला. वरून उन्हापावसाने गंजून पिवळा पडलेला, आतून काळा.

कळंबच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्या घट्ट होऊन झालेला दगड मिळाला. त्याचा रंग बराच जवळ होता. दादांनी तो मांडीवर घेऊन घरी आणला, पुसून, कपड्यात गुंडाळून. पण एका पावसाळ्यात तो अंगणात रव्याच्या लाडवासारखा फुटून गेला. विरारच्या बाजूला डोंगर पोखरून खडी काढायचे, तिथे सुरुंग उडायच्या आधी शिट्टी व्हायची आणि आम्ही तिघं म्हातारी झाडामागे लपायचो. तिथे तर काळ्याखेरीज काही नव्हतंच. दादा त्या उघड्या पडलेल्या डोंगराकडे बघून म्हणाले, "हा बघा, तुमच्या नव्या बिल्डिंगींमध्ये चाललाय. डोंगर उभाच राहणार, फक्त त्याला खिडक्या येणार."

एकदा मला न राहवून मी विचारलं, "दादा, एवढे दगड तपासता, मग त्या क्रुसावरच एकदा पाणी टाकून बघा ना. जात नीट कळेल."

त्यांनी चक्क जीभ चावली. कानाला हात लावला. "त्याला? वहिनी, त्याच्या पाया पडतो आपण. त्याची परीक्षा कशी घेणार?"

मला ते पटलं. आमच्या गावच्या मारुतीचा शेंदूर खरवडून खाली कुठला दगड आहे ते बघ, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी तरी बघितला असता का? मी विषय सोडून दिला.

अशी वर्षं गेली. दादांची चाल मंदावली. ह्यांच्या कमरेने राजीनामा दिला. विहिरी बुजत चालल्या, वाड्या विकल्या गेल्या. दफनभूमीतून दादांना निरोप आला होता, की त्या ओळीतल्या जागा आता उघडायला घेणार. ते रविवारी खिडकीशी यायचे, पण टकटक करायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. मीच बघून दार उघडायची.

एका उन्हाळ्यात दुपारी ते आले. वेळ रविवारची नव्हती. दारात उभे राहून पाणी मागितलं, तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"वहिनी, जरा येता का? दोघंही या."

रस्ता रुंद करायचा म्हणून आळीच्या लोकांनी एकविचाराने क्रूस थोडा आत घ्यायचं ठरवलं होतं. फादर येऊन प्रार्थना करून गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा वरचा क्रूस काढून चादरीत गुंडाळून ठेवला होता आणि दोन माणसं पहारीने खालच्या पायऱ्या सुट्या करत होती. दर मे महिन्याच्या आधी आळी त्या क्रुसाला रंग देते. दादांच्या आजोबांच्या आधीपासून देत आली आहे. त्या रंगांचं बोटभर जाड कवच झालं होतं, आणि पहार लागल्यावर ते करवंटीसारखं सुटून पडत होतं. वर पांढरा ऑईलपेंट. त्याखाली निळा. त्याखाली चुना, पुन्हा चुना. आणि सगळ्यात आत, दगडाला चिकटून, पिवडी. तीच ती पिवळी माती, आपण पूर्वी भिंतींना द्यायचो.

दादांनी तिचा एक तुकडा तळहातावर घेतला. पिशवीतून बाटली काढली. चार थेंब टाकले. तुकडा विरघळला आणि हळदीचं पाणी ओघळावं तसं त्यांच्या बोटांमधून खाली गेलं.

मग ते खाली बसले. पायरीचा एक कोपरा फुटून बाजूला पडला होता, उशीएवढा. त्याच्यावर त्यांनी बाटली पालथी केली. काळा. माझ्या पाट्यासारखा, आमच्या जिन्याच्या पायरीसारखा, सातारच्या घाटासारखा काळा, मध्ये-मध्ये तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके.

आमचे हे माणूस चांगले, पण त्यांना शांत राहता येत नाही. ते म्हणाले, "चला, सापडला तर खरा."

"हो," दादा म्हणाले. "सापडला."

बराच वेळ ते दगडावरून अंगठा फिरवत होते. पाणी वाळलं तरी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुली मे महिन्यात हा क्रूस धुवायच्या. तिने बघितला असणार हो, तळाशी, जिथे रंग टिकत नाही तिथे. तिला ठाऊक होतं. ती साधंच मागत होती, वहिनी. सगळ्यांचं असतं ते. आणि मी तिला डोंगर-डोंगर फिरवली."

मी म्हटलं, "आता तरी ठेवा नेऊन."

नवा चबुतरा चकचकीत ग्रॅनाईटचा झाला. जुन्या पायऱ्या भरावात गेल्या, फक्त तो उशीएवढा कोपरा दादांनी विचारून मागून घेतला. पण पाऊस तोंडावर आला होता. दफनभूमीचं बघणाऱ्या माणसाने सांगितलं, आत्ता ठेवाल तर माती खचेल, दगड तिरका होईल, पाऊस संपू द्या. त्याचंही बरोबर होतं. तिकडे मुलाने घराचा सौदा ठरवला होता, घर रिकामं करायचं होतं. म्हणून दादा एक दिवस रिक्षातून तो दगड घेऊन आमच्याकडे आले. गोणपाटात बांधलेला. रिक्षावाल्याने आणि त्यांनी मिळून माझ्या दाराशी, त्या खाचेच्या पायरीशेजारी ठेवला.

"तुमच्याकडे राहू दे. पाऊस उघडला की न्यायला येतो," ते म्हणाले. जाताना मागे वळून दगडाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "अधूनमधून पाणी दाखवा."

त्या पावसात ते आजारी पडले. मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर इतकेसे दिसत होते. विचारलं ते दगडाचंच. "कोरडा नाही ना पडला?" मी म्हटलं, "पावसात कसा पडेल कोरडा?" ते म्हणाले, "हो, खरंच की." आणि डोळे मिटले.

ते खाटेवर असतानाच तिची जागा उघडली होती. कुणाची चूक नाही, त्या पावसात गावात दोन-तीन माणसं पाठोपाठ गेली, आणि जागेची पाळी आलीच होती. दादांना कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा त्यांना मागच्या भिंतीजवळ जागा मिळाली, चिंचेखाली. मुलगा आला, रडला, सगळं नीट केलं. मी त्याला दगडाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "आंटी, तुमच्याकडेच राहू दे. मी पुढच्या खेपेला बघतो." पोरगा वाईट नाही. पुढची खेप अजून व्हायची आहे.

पाऊस उघडल्यावर मी एकटीच जाऊन आले. जिथे ती होती तिथे आता दुसऱ्या बाईचं नाव आहे, ताजी झेंडूची माळ होती. मी उभी राहिले. ह्या बाईचा ह्या दगडाशी काय संबंध? मग मागे दादांकडे गेले. चिंचेचा पाला पडला होता. तिथे ठेवावा, तर तो त्यांचा नव्हता. तो तिचा. आणि ती जिथे एका बाजूला ठेवली गेली तिथे सगळीच आहेत, कुणाच्या डोक्याशी ठेवणार? तशीच परत आले.

दगड अजून माझ्या दाराशी आहे. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं त्याच्यावर ओतते. ओला झाला की काळाभोर होतो आणि ते पांढरे ठिपके वर येतात. मग उन्हं आली की पुन्हा राखेसारखा दिसतो, रस्त्यावरच्या कुठल्याही दगडासारखा. नवा पोस्टमन परवा त्याच्यावर पाय ठेवून चपलेचा पट्टा लावत होता. काय सांगू त्याला?

तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर दफनभूमीत चला हो. पुढच्या महिन्यात बघू असं म्हणू नका, माझंही वय झालंय आणि ह्यांना आता बिछान्यातून उठवत नाही. उचलायला रिक्षावाला मिळतो, त्याचं काही नाही. कुठे ठेवायचा ते एकटीला ठरवता येत नाही. लवकर चला. दोघंतिघं मिळून त्या चिंचेखाली जाऊ, थोडा वेळ उभं राहू, काहीतरी सुचेल. पाण्याची बाटली मी घेईन.